काळी मैना आणि आपण साहेबलोक

मे महिन्यातला दुसरा रविवार. आम्ही चौघं ताम्हिणीहून परत येत होतो. चौघंही इंजिनियर, चौघांनाही एसीची सवय, त्यामुळे गाडीच्या काचा बंद. एका वळणावर झाडाच्या सावलीत तीन-चार बायका बसलेल्या दिसल्या. पुढ्यात पाट्या, पाट्यांत पळसाच्या पानांचे द्रोण आणि द्रोणांत करवंदं. काळीभोर, टपोरी, देठाशी पांढऱ्या चिकाचा थेंब वाळलेला.

गाडी थांबली. काच अर्धी खाली आली.

"मावशी, कशी दिली?"

"तीसला द्रोण."

"तीस? काय सोनं आहे का? दोन घेतो, चाळीसला द्या."

मावशींनी काही न बोलता उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. काही ताजे, काही खपली धरलेले. "काटं किती लागत्यात बघा की दादा," एवढंच म्हणाल्या. मित्र हसला, "अहो मावशी, पुढच्या वळणावर वीसला मिळतात," म्हणाला आणि दोन द्रोण चाळीसलाच घेतले. मी मागच्या सीटवर होतो. मी काहीही बोललो नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे.

पौडला रेंज आली तशी मित्राने द्रोणाचा फोटो टाकला. खाली ओळ : 'रानमेवा! बालपण आठवलं!!' घरी पोचेपर्यंत साठ-सत्तर बदाम येऊन पडले. मग त्याच्याच घरी चहाला थांबलो. दूध काढायला फ्रिज उघडला तर समोर प्लास्टिकच्या डबीत ब्लूबेरी. १२५ ग्रॅम, २९९ रुपये, मूळ देश पेरू. सकाळी ओट्सवर घालतो म्हणे. अँटी-ऑक्सिडंट असतात.

झालं. माझ्यातला इंजिनियर जागा झाला. त्याच्या ओट्यावरच्या वजनकाट्यावर एक द्रोण ठेवला. पान वजा करून १६० ग्रॅम. मावशींनी सांगितलेला भाव धरला तरी किलोला १८८ रुपयांच्या आत. ब्लूबेरी किलोला २,३९२ रुपये. जवळजवळ तेरापट. आणि घासाघीस कुठे झाली? स्वस्त होतं तिथे! ब्लूबेरीच्या डबीवरचा भाव वाचून "काय सोनं आहे का" असं त्याने त्या दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या पोराला विचारलं असतं का? नाही. कारण डबीवर छापलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य आणि बाईने तोंडाने सांगितलेला आकडा म्हणजे बोलणी सुरू करायची जागा.

त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहून टाकतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : घराजवळ आपसूक उगवणाऱ्या गोष्टीला आपण एकतर फुकट समजतो, नाहीतर कचरा समजतो. मधलं काही आपल्याला येत नाही. आणि हे मधलं येत नाही तोवर 'रानमेवा' वगैरे शब्द आपण तोंडातून काढू नयेत.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, आला स्वदेशीवाला! तर तसं नाही. परदेशी फळांशी माझं काही भांडण नाही. भांडायचं म्हटलं तर स्वयंपाकघर रिकामं करावं लागेल. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पपई, अननस, सीताफळ, चिकू, सगळे मूळचे अमेरिका खंडातले पाहुणे. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या मीठ-तिखट लावून 'आपला' म्हणून खातो तो पेरूसुद्धा तिकडचाच. (म्हणजे पेरू नावाचं परदेशी फळ आपल्याला गावरान वाटतं आणि पेरू नावाच्या देशातून आपण ब्लूबेरी आणतो. गंमत आहे की नाही?) महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इंग्रजांच्या काळात आली, रुजली, आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. उत्तम झालं. मी स्ट्रॉबेरी-क्रीम हादडतो, लपवत नाही. पाहुण्याला आत घेण्यात वाईट काही नाही. पाहुण्याला पाटावर बसवून घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करण्यात आहे.

आणि हा घरचा माणूस म्हणजे कोण, हे तरी नीट माहीत आहे का आपल्याला? मला नव्हतं. करवंद हे कण्हेर, सदाफुली, चाफा, रुई यांच्या कुळातलं. म्हणूनच तो चीक. कुळातले बरेच भाऊबंद विषारी, कण्हेर तर चांगलीच, आणि त्यातच हा एक असा निघाला की ज्याचं फळ आपण मूठ-मूठ खावं. पान बारमाही हिरवं. काटे असे की जनावर तोंड घालायला दहादा विचार करतं. म्हणून तर पूर्वी शेताला आणि परड्याला करवंदाचं कुंपण घालायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी, जुईसारखी फुलं येतात आणि त्यांचा वास संध्याकाळी पायवाटेवर आधी येतो, झुडूप मागून दिसतं. मग हिरवी करवंदं. ती लोणच्याला आणि चटणीला. आणि मेमध्ये, बाकी डोंगर वाळून करपलेला असताना, पाण्याचा टिपूस नसताना, ही बया रसाने भरते. कोणी खत घातलेलं नाही, कोणी पाणी दिलेलं नाही, कोणी फवारणी केलेली नाही. 'ऑरगॅनिक' म्हणून तिप्पट भावाने जे विकतात ना, त्यांच्या चौकोनी शिक्क्याशिवायचं हे ऑरगॅनिक.

बरं, आपण करवंद खात नाही असंही नाही बरं का. आपण ते लहानपणापासून खातोय, फक्त आपल्याला सांगितलेलं नाही. वाढदिवसाच्या केकवर, आईस्क्रीमवर, पानात जी लालभडक 'चेरी' असते ती पुष्कळदा चेरी नसतेच. ते करवंद असतं. कच्चं करवंद घ्यायचं, बी काढायची, मूळचा रंग घालवायचा, लाल रंगात बुडवायचं आणि साखरेच्या पाकात मुरवायचं. झाली चेरी! (तुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, हे तर आता बऱ्याच जणांना कळलंय.) हे मला कळलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग जरा गप्प झालो. म्हणजे आपल्याला करवंदाचं वावडं नाही. त्याचं नाव, रंग, चव आणि बी काढून टाकलं, परदेशी नाव दिलं आणि केकवर मधोमध बसवलं, की चालतं. फक्त ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या काळ्या रंगात, पानाच्या द्रोणातून आलं की "धुतलंय का?" असं विचारायचं.

धुतलंय का, हा प्रश्न चुकीचा नाही. धुवून खा की. गाडीत बिसलेरीच्या चार बाटल्या असतात. पण हा प्रश्न आपण चौपाटीवरच्या भेळेला विचारत नाही, ऑफिसच्या खालच्या सँडविचवाल्याला विचारत नाही, हेही मनाशी कबूल करावं.

दुसरी तक्रार, "आंबट असतात, चिकट असतात, ओठांना चिकटतात." असतात! सगळीच फळं साखरेच्या गोळ्यांसारखी असावीत ही अपेक्षा कुठून आली? पूर्ण पिकलेलं करवंद गोड असतं, पण त्या गोडीच्या मागे एक आंबटपणा उभा असतो आणि त्याच्याही मागे किंचित तुरट. एकाच जाळीतल्या दोन झुडपांची चव वेगळी असते. पाचव्या करवंदाला तोंड वेडावतं आणि सहावं इतकं गोड लागतं की आधीची पाच माफ. दुकानातल्या फळांचं मोठं कौतुक काय, तर प्रत्येक डबीची चव तीच. ठीक आहे, आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक, प्रत्येक वेळी तेच आउटपुट आलं की आम्हाला बरं वाटतं. पण जिभेलाही तेच हवं, असं कोणी ठरवलं?

आता ऑफिसमधल्या उत्साही मंडळींबद्दल. हा विषय कँटीनमध्ये काढला तर पाच मिनिटांत बिझनेस मॉडेल तयार. "अरे, सुपरफूड म्हणून पोझिशन कर. करवंद पावडर. करवंद शॉट्स. पंचवीस ग्रॅमची पाऊच. स्टोरी पण आहे, ट्रायबल विमेन वगैरे." त्या 'वगैरे'ला तर मी सलाम केला.

या प्रकाराला माझा विरोध का, ते सांगतो. पिकलेलं करवंद टिकत नाही. साल नाजूक, रस पातळ. सकाळी तोडलं की संध्याकाळी मऊ पडतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्रोणाच्या तळाला नुसता जांभळा चिखल. पाऊस पडला की खेळ खलास, चव जाते, अळ्या पडतात. सहा-सात आठवडे काय तो हंगाम. व्यापारी नजरेने बघितलं तर हा माल म्हणजे डोकेदुखी. पण याच डोकेदुखीमुळे ते आजवर तोडणाऱ्या बाईच्या हातात राहिलंय! टिकत नाही म्हणून साठेबाज त्याच्या वाटेला जात नाही, दलाल जात नाही. ज्या दिवशी करवंदाची पावडर किलोला तीन हजाराने जाईल, त्या दिवशी डोंगराला कुंपण पडेल आणि याच मावशींना त्याच जाळीत रोजाने तोडणीला बोलावलं जाईल. हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही. जंगलातल्या ज्या वस्तूला लांबच्या बाजारात भाव आला तिचं काय झालं, ते आपण बघतोच आहोत.

याचा अर्थ बचत गटाच्या बायकांनी करवंदाचं लोणचं, सरबत, मुरंबा करून विकू नये, असा नाही. जरूर विकावं, आणि आपण न कुरकुरता घ्यावं. तिथे पैसा त्यांच्याकडे जातो आणि ठरवणाऱ्याही त्याच असतात. मला खुपतं ते एवढंच, की एखादी गोष्ट डबीत भरल्याशिवाय आणि तिच्यावर इंग्रजी नाव चिकटवल्याशिवाय ती आपल्याला 'खरी' वाटत नाही.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती आपल्यापैकी फार कमी लोकांना माहीत असते. २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजावर मालकीचा, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. गौण वनोपज म्हणजे लाकूड सोडून जंगलातलं वनस्पतींपासून मिळणारं बाकी सगळं. मध, डिंक, कंद, तेंदूपानं, आणि अशी फळंही. तेव्हा घाटात अशी पाटी घेऊन बसणाऱ्या बाया सरकारी जंगलातून 'फुकट' काहीतरी उचलून आणतात, ही आपली समजूत धादांत चूक आहे. पुणे, रायगड, ठाणे, पालघरच्या डोंगरात करवंदं विकणाऱ्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायका पुष्कळ. त्यातल्या कातकऱ्यांची अनेक कुटुंबं पावसाळा सोडला तर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर राबतात. भट्टी संपते आणि भातलावणी अजून सुरू व्हायची असते, तेव्हा हातात रोख पैसा आणणाऱ्या गोष्टी किती? करवंदं, जांभळं, आळू, तोरणं, रानातले आंबे. पहाटे उठून डोंगर चढायचा, काट्यांत हात घालायचा, पानं तोडून द्रोण टाचायचे, पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायचं, आणि मग उन्हात बसून आपल्याशी दहा रुपयांवरून बोलणी करायची. फळ फुकट असेल हो. त्या मावशींची पहाट फुकट नाही.

हे झालं 'फुकट' समजण्याबद्दल. आता 'कचरा' समजण्याबद्दल. आणि इथे मी स्वतःच आरोपी आहे.

मी राहतो ती सोसायटी एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. नाव सांगत नाही. मागच्या भिंतीपलीकडे सोसायटीच्याच मालकीचा थोडा उतार आणि त्यावर करवंदाची जाळी होती. होती. मी राहायला आलो त्या वर्षी मेमध्ये पलीकडच्या वाडीतल्या एक मावशी तिथे करवंदं तोडायला यायच्या. वॉचमन ओळखीचा, तो सोडायचा. एकदा मी गॅलरीतून बघत होतो तर त्यांनी खालूनच हाक मारली, "या की दादा, नुसतं काय बघताय!" मी गेलो. शर्ट फाटला, बोटांना चीक, जीभ जांभळी. खूप वर्षांनी 'कोंबडा की कोंबडी' खेळलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : करवंद समोरच्यापुढे धरायचं आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी? मग फोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आजोळी आम्ही या खेळावर भांडून एकमेकांचे द्रोण उपडे केले होते. मावशी सात वेळा जिंकल्या. मला तेव्हाही संशय होता आणि आजही आहे की त्यांना बाहेरून कळतं :-)

पुढच्या वर्षी वार्षिक सभेत विषय आला. "मागची झाडी साफ करणे." कारणं तीन. साप निघतात, डास होतात, आणि दिसायला बरं दिसत नाही. ठराव : झाडी काढून लॉन, कडेने पाम, मध्ये दोन बाकडी. मी सभेला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज होतं, डोकं त्यात. सह्यांचा कागद फिरत आला आणि मी सही केली. वाचलंही नाही धड. जेसीबीने एका दुपारीत काम उरकलं.

पुढे काय झालं ते सांगायला फार अक्कल लागत नाही. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि लॉनखालची सगळी माती पार्किंगमध्ये. दोन दुचाक्यांची चाकं अर्धी गाडली गेली. मग उताराला सिमेंटची भिंत. भिंतीसाठी वेगळी वर्गणी, माणशी किती ते विचारू नका. साप? साप त्या वर्षी जास्त दिसले. त्यांचं घर मोडल्यावर ते जाणार कुठे, थेट मीटरच्या खोलीत आले. आणि सकाळचे बुलबुल गेले.

आमच्या धंद्यात एक पाप असतं. जुन्या कोडमध्ये एखादा भाग दिसतो. कोणी लिहिला माहीत नाही, कशासाठी ते माहीत नाही, दिसायला ओंगळ. नवा पोरगा येतो आणि साफसफाई म्हणून तो उडवतो. आठवड्याने मध्यरात्री फोन वाजतात, कारण तिसरंच काहीतरी त्याच्यावर उभं होतं. अशा वेळी आम्ही त्या पोराला दिवसभर झापतो. मी हेच माझ्या घरामागे केलं आणि मला कोणी झापलं नाही. उलट सभेत टाळ्या पडल्या.

आणि हे फक्त आमच्या सोसायटीचं डोकं आहे असं समजू नका. देशाचंच डोकं असं चालतं. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाचा 'वेस्टलँड्स अ‍ॅटलस' काढतात. २०१९ साली त्याची एक आवृत्ती आली. त्यात पडीक जमिनीचे जे प्रकार केलेत, त्यात एक आहे 'दाट झुडुपांची जमीन' आणि दुसरा 'विरळ झुडुपांची जमीन'. म्हणजे उपग्रहातून बघितलं तर करवंदाच्या जाळ्यांनी भरलेला डोंगराचा उतार हा सरकारदरबारी पडीक. वाया गेलेला. आणि एकदा कागदावर पडीक लिहिलं की तिथे काहीही करता येतं. प्लॉट पाडा, रिसॉर्ट काढा, नाहीतर 'वृक्षारोपण' करा.

हो, वृक्षारोपणसुद्धा! दर जुलैला आपल्या कंपन्यांच्या बसेस भरून टेकडीवर जातात, टी-शर्ट वाटतात, खड्डे खणतात, फोटो काढतात. खड्डा खणायला जागा हवी म्हणून आधी 'झुडपं' काढली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, भरमसाट लावली. मूळची मध्य अमेरिकेतली. भराभर वाढते, हिरवी दिसते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून सोयीची. आता तिच्याखाली इकडचं फारसं काही वाढताना दिसत नाही. झाड म्हणजे उंच, सरळ, एका रांगेतलं, आणि बाकी सगळं म्हणजे गवत-काटे, ही समजूत आधी मोडायला हवी. करवंदाच्या जाळीच्या आत काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडांची रोपं वाढतात, कारण गुरांचं तोंड तिथे पोचत नाही. जाळी ही त्या डोंगराची नर्सरी असते. आपण नर्सरी उपटून तिथे फोटोपुरती रोपं लावतो आणि मेपर्यंत ती वाळतात. किंवा वणव्यात जातात. हे वणवे बहुतेक माणसांनीच लावलेले असतात आणि ते येतात बरोबर करवंद फुलावर असताना किंवा फळ धरताना.

राहिले ते 'आमच्या लहानपणी' म्हणणारे. मे उजाडला की हे सुरू होतात. "आता कुठे मिळतात हो करवंदं! गेले ते दिवस!" साहेब, कुठेही गेले नाहीत ते दिवस. सिंहगडाच्या पायवाटेवर मिळतात. ताम्हिणी, माळशेज, कसारा, लोणावळा, माथेरान, सगळीकडे मिळतात. शहराच्या मंडईतसुद्धा सकाळी लवकर गेलात तर कोपऱ्यात पाटी असते. करवंद नामशेष झालेलं नाही, आपला रविवार नामशेष झालाय. हळहळ ही फार सोयीची गोष्ट आहे. तिला पैसे पडत नाहीत, काटे टोचत नाहीत, आणि उद्या टेकडी खरंच गेली तर "मी म्हणालोच होतो" म्हणायला आपण मोकळे. ज्याला खरंच आवडतं तो हळहळत बसत नाही. तो उठतो आणि जातो.

मग करायचं काय? क्रांती वगैरे काही नाही. चार साध्या गोष्टी.

एक, जा आणि खा. मे संपायच्या आत. जाळीवरून स्वतः तोडणार असाल तर काळी तेवढीच तोडा, फांद्या मोडू नका, सगळी ओरबाडू नका. आपण मौजेसाठी खातो, दुसऱ्या कोणाचं त्यावर मीठ-मिरची चालते, शिवाय पाखरं आहेत.

दोन, विकत घ्याल तेव्हा सांगतील तो भाव द्या. शॉपिंग मॉलमध्ये करत नाही ती घासाघीस घाटात करू नका. हे दानधर्म म्हणून नव्हे. मालाची किंमत म्हणून.

तीन, द्रोण संपला की पान खाली टाकलं तर मातीत जाईल. पण पिशवीत करवंदं मागू नका. मावशींनी पिशव्या ठेवायला सुरुवात केली ती आपल्यामुळे, आपल्या सीटला डाग पडू नयेत म्हणून.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या सोसायटीच्या, कंपनीच्या, कॉलेजच्या मागे अशी 'झाडी' असेल तर ती साफ करायचा कागद एक ना एक दिवस तुमच्यासमोर येणार आहे. तो वाचा. आणि कृपा करून माझ्यासारखी सही करू नका.

जाळी गेल्यानंतरच्या मेमध्ये त्या मावशी आल्या होत्या. रिकामी पाटी घेऊन भिंतीपाशी उभ्या. मला बघून म्हणाल्या, "दादा, हितली जाळी कुठं गेली?" मी म्हटलं, "सोसायटीने काढली." सोसायटीने! जणू सोसायटी नावाचा कोणी तिसराच माणूस आहे. त्या लॉनकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गवात चांगलं हाय. पर हे खातं कोन?"

मला उत्तर देता आलं नाही. या वर्षी कमिटीकडे अर्ज दिलाय, भिंतीवरच्या काटेरी तारेऐवजी आतल्या बाजूने करवंदाचं कुंपण लावू द्या म्हणून. खर्च जवळजवळ नाही, राखण आपोआप. सेक्रेटरी म्हणाले, "बघू, पण लहान मुलांना काटे लागतील." लागतील की. मलाही लागले होते.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा ताम्हिणीला जाणार आहे. त्या मित्रालाही नेणार आहे, पण या वेळी खाली येणारी काच माझ्या बाजूची असेल. वीस रुपये राहिलेत आमच्याकडे त्या मावशींचे.